पीळ

ओहोटी पावणेसहाची, पहाटेची.
मी गुडघाभर चिखलात, हातात झाकणाची बाटली,
आणि बांधावरून द्वारकाकाकी मेथर विचारते,
"पाणी खय नेतस गो? पिवक?"
पिवक नाय, काकी.
ऐकूक.

आरोग्य केंद्राच्या पडवीत बर्फाच्या फुटक्या पेटीवर
ठेवलंय यंत्र, चुन्याच्या डबीपेक्षा थोडंसं मोठं.
आत सोन्याचा ठिपका, मोहरीहून लहान,
आणि त्यावर उभे केलेले बावीस अक्षरांचे एकेरी पेड,
कुणी कुठल्या थंड खोलीत, हातमोजे घालून.
ते खाडीतल्या कुणालाच ओळखत नाहीत.
शेवाळ, कोळंबीची अंडी, कांदळाचा कुजका पाला,
माणसांचा मैला,
सगळं त्यांच्यावरून वाहून जातं.
त्यांना ओढ एकाच गोष्टीची. दुसऱ्या पेडाची.

काकीच्या हातात काथ्या होता, म्हणून बरं झालं.
म्हटलं, तू दोन पेड वळतेस ना,
तसं प्रत्येक जंतूच्या पोटात सुंभ असतं.
पाणी तापवलं की वळ सुटतो.
सुटलेला पेड आपल्या जोडीला येऊन बिलगला
तर आतली वीज किंचित दचकते,
पडद्यावरची रेघ वाकते.
"आणि वाकली मगे?"
मग पटकी.

तिने काथ्या खाली ठेवला.
हा शब्द भोवरवाडीत कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

रेघ वाकली त्याच दिवशी, तीन वाजून दहा मिनिटांनी.
तोवर वाडीत एकालाही जुलाब नव्हता.
मी खांबावर फलक ठोकला :
तिसऱ्या, मुळे, कालवं, काही काढू नये.
वेंगुर्ल्याच्या बाजारात बारा बायकांच्या जागा रिकाम्या.
वरच्या अंगाला नव्या होम-स्टेची टाकी फुटलेली सापडली,
ती लिंपली, क्लोरीन ओतलं, विहिरींत गोळ्या टाकल्या.
आणि कुणीच आजारी पडलं नाही.
कुणीच आजारी पडलं नाही,
म्हणून कुणी विश्वासही ठेवला नाही.
लॉरेन्स फर्नांडिस दुकानाच्या फळीवरून ओरडला,
"बाय, तुझ्या डबीक ताप इलो काय?"
मी हसले. रात्री जेवण गेलं नाही.

बाराव्या दिवशी पुन्हा पाणी. पुन्हा वाकली.
नवी चकती लावली, हात तीनदा धुतले.
कमी, पण वाकली.
ओरोसहून फोन आला, बशीत काही उगवलेलं नाही,
दोनदा पेरून पाहिलं, स्वच्छ.
एक म्हणतं आहे. एक म्हणतं नाही.
आणि बारा बायका केंद्राच्या पायरीवर,
काही न बोलता, रिकाम्या पाट्या मांडीवर घेऊन.

काकीच तेवढी आत आली. यंत्राकडे पाहिलं नाही.
म्हणाली, घरी चल.
तिच्या चुलीच्या कडेला विस्तव धरून ठेवलेलं सुंभ
रात्रभर जळून तसंच पडलं होतं,
राखेचं, पण पीळ न् पीळ शाबूत,
आत्ता वळल्यासारखं.
"ह्येका गाठ मारून दाखव बघया."
मी बोट लावलं.
बोटावर करडा डाग आला, बाकी काही नाही.

म्हण मला शाळेपासून पाठ होती.
माणसांच्या ताठ्याबद्दल आहे, असं गुरुजींनी सांगितलं होतं.

ती चूल मला चार वर्षांच्या शिक्षणात
कुणी दाखवली नाही, असं नाही;
पुस्तकात एक ओळ होती, बारीक टायपातली :
मेलेल्याचाही पेड सापडतो.
मी तिच्याखाली रेघही मारली होती.

नोंदवहीत रकाना एका शब्दापुरता. होय किंवा नाही.
मी समासात लिहिलं,
पीळ आहे, सुंभ नाही,
आणि खाली सही केली, जरा वाकडी.
साहेब काय म्हणतील ते म्हणतील.

आज ओहोटी पावणेचारला.
फलकाचे खिळे अजून तसेच.
काकी पाटी घेऊन उभी आहे, पाऊल बांधाच्या कडेला,
आणि माझ्या बाटलीकडे बघते.
"ऐक आधी," म्हणते,
"मगे मी उतारतंय."